खुर्चीचं पुस्तक

"शेवटी ती बाई शांतपणे खुर्चीतून उठते आणि बागेत निघून जाते," पोतदारबाई म्हणाल्या. "मला शेवट आवडला. समाधानाचा आहे."

एवढं बोलून त्यांनी मांडीवरची कापडी पिशवी पोटाशी ओढून घेतली आणि बाबूरावांकडे पाहिलं.

जानेवारीतल्या एका रविवारची दुपार होती. कराडच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो आणि दिनकर, माझे यजमान, आत चहा टाकत होते. आमची पुस्तक-भिशी होती ती. चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्याने एक पुस्तक निवडायचं, ते सगळ्यांच्या घरून फिरायचं आणि मग त्याच्या घरी जमून प्रत्येकाने काय वाटलं ते सांगायचं. निवडणाऱ्याने वाचायचंही शेवटी आणि बोलायचंही शेवटी, म्हणजे त्याच्या मताचं दडपण इतरांवर येत नाही. हा नियम बाईंचा. त्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण सुटल्या नव्हत्या. आख्खं गाव त्यांना बाईच म्हणे.

या वेळची चिठ्ठी माझी होती. पुण्याच्या एका प्रदर्शनात मी एक चित्रकादंबरी पाहिली होती. शब्द नाहीत. नावही नाही, कव्हरवर फक्त एक रिकामी लाकडी खुर्ची. आत प्रत्येक पानावर तीच खुर्ची, त्याच जागी, आणि खुर्चीत एक बाई. पहिल्या पानावर पाय लोंबकळणारी मुलगी, मग पुढे पुढे ती वाढत जाते. विलक्षण होता तो कागद. पातळ, बटर पेपरसारखा. कोणतंही पान उघडलं तरी खालची पानं त्यातून दिसत. मुलीच्या गालाआड बाईचा गाल, काळ्या केसांआड पांढरे केस. गर्दीत उभ्याउभ्या मी सुरुवातीची थोडी पानं चाळली, तेवढ्यावरच मागणी नोंदवली आणि घरचा पत्ता देऊन आले.

पार्सल आलं तेव्हा मी हॉस्पिटलात होते. काखेजवळ एक गाठ लागली होती, ती काढायची होती. दिनकरनी पार्सल उघडलं आणि पुस्तक परस्पर बाईंकडे पोचवलं. तिथून ते फिरत राहिलं. नियमाप्रमाणे जमण्याआधी ते माझ्याकडे यायला हवं होतं, पण आलं नाही. बाबूरावांकडे राहिलंय, असं बाई म्हणाल्या. बाबूराव म्हणाले, रेश्माकडे. मी फार विचार केला नाही.

गाठ साधी निघाली होती. रिपोर्ट चांगला आला, असं दिनकरनी मला हॉस्पिटलातच सांगितलं होतं. हात वर करताना अजून ओढ बसायची, एवढंच. तरीही ते एकदा पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून येऊ म्हणत होते. मंगळवारची वेळही घेऊन ठेवली होती.

"चांगला रिपोर्ट घेऊन पुण्याला कोण जातं?" मी सकाळीच म्हणाले होते. "मंगळवारपासून कॉलेजात माझ्या मुलांची प्रॅक्टिकल आहेत."

"दुसरं कोणी घेईल."

"कोण? बॉटनीला आम्ही दोघी. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर."

"नुसतं दाखवून येऊ, वृंदा."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ की. पळून चाललेत का डॉक्टर?"

त्यांची अर्धी दाढी झाली होती, तशीच टाकून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला वाटलं, रागावले.

आता बाबूरावांची पाळी होती. बाबूराव खटावकर एसटीत कंट्रोलर होते. बसस्थानकाच्या माइकवर पुकारा करून करून त्यांचा आवाज घरातही स्थानकभर ऐकू जाईल असा झाला होता. बाईंनी एखाद्या शेवटाला चांगला म्हटलं की तो वाईट कसा, हे सांगण्यासाठीच ते भिशीला येतात, असं दिनकर म्हणत. मागच्या पुस्तकावरून दोघांची इतकी जुंपली होती की बाई चहा न घेता निघून गेल्या होत्या. त्यामुळे मी जरा सावरून बसले.

बाबूरावांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत लावला.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले. अगदी हळू. "शेवटी ती बाई शांतपणे खुर्चीतून उठते आणि बागेत निघून जाते. समाधान वाटलं."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, वहिनी."

"बाबूराव, बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?" आवाज क्षणभर नेहमीचा झाला आणि लगेच परत बसला. "मी ठणठणीत आहे."

रेश्मा मुल्ला आमच्यात सगळ्यांत लहान. बी.एस्सी.ला माझी विद्यार्थिनी होती, आता बँकेत अधिकारी. बोलायला तिखट. आवडलं नाही तर पुस्तक बंद करून परत पाठवायची आणि वर निरोप द्यायची, की झाडं फुकट गेली. ती गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "मॅडम, मलापण तसंच वाटलं. शेवटी ती बाई शांतपणे खुर्चीतून उठते आणि बागेत निघून जाते."

आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

मी वर्षानुवर्षं प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत आले आहे. मुलं एकाच रोपाची पानं मोजतात, एकाच पानाची रंध्रं मोजतात, तरी कोणाचे आकडे कोणाशी तंतोतंत जुळत नाहीत. जुळायला नकोतच. हात वेगळे, डोळे वेगळे, सूक्ष्मदर्शकाखाली धरलेली जागा वेगळी. ज्या वर्षी तीन टेबलांवर एकच आकडा येतो, त्या वर्षी मला मोजणीविषयी काही कळत नाही. एवढंच कळतं, की यातल्या दोघांनी मोजलेलं नाही. कधीकधी तिघांनीही.

आणि इथे तर वाक्यही एकच होतं. "शांतपणे" हा शब्दही जागच्या जागी.

मी तिघांकडे पाहिलं. तिघं माझ्याकडे बघत होते आणि माझी नजर वळली की दुसरीकडे बघत होते. ती नजर मला ओळखीची वाटली, पण कुठे पाहिली ते आठवेना. मग आठवलं. भिंतीवर हार घालून लावलेल्या फोटोकडे माणसं तसं बघतात. प्रेमाने, आणि फोटोला काही दिसत नाही अशा खात्रीने.

मला खोलीत गार वाटायला लागलं. खिडकीतून ऊन येत होतं, माझ्या पायांवरच पडलं होतं, तरी.

"रेश्मा," मी म्हणाले, "बागेत झाडं कोणती होती?"

"अं?"

"ती बाई बागेत जाते ना? तिथे झाडं असतील. कोणती होती?"

रेश्माने बाईंकडे पाहिलं.

"बाईंकडे बघू नकोस. वायवा तुझी चाललीय."

"गुलाब," रेश्मा म्हणाली.

"बाबूराव?"

"काय वहिनी, झाडं काय, असतात तशी झाडं. हिरवी."

"पुस्तकात रंग नाही, बाबूराव. मी चार पानं पाहिलीत."

"मग काळी. नारळबिरळ होते दोन."

"बाई, तुम्ही सांगा."

पोतदारबाई ताठ बसल्या होत्या. शाळातपासणीला आलेल्या साहेबासमोर बसत असतील तशा. "तुळस," त्या म्हणाल्या. "एका कडेला तुळस आहे."

बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"गुलाब, नारळ आणि तुळस," मी म्हणाले. "बाग नाहीच ना त्या पुस्तकात?"

रेश्माच्या डोळ्यांतून पाणी पडलं. ते पुसायलाही तिने हात उचलला नाही. आणि मला पुस्तकाविषयी विचारायचं राहिलंच नाही. माणसं पुस्तकाचा शेवट बदलून सांगतात ती कोणासाठी? लहान मुलांसाठी. किंवा ज्याला खरा शेवट सोसणार नाही त्याच्यासाठी. मी लहान नव्हते. बावन्न वर्षांची होते, मरणाविषयीची पुस्तकं या खोलीत याआधीही वाचली होती, आणि बाबूरावांनी त्यातल्या एका मरणाची नक्कल करून आम्हाला हसवलंही होतं. तेव्हा आणि आज यांत बदललं होतं ते एकच. माझ्या काखेजवळचे टाके.

दिनकर दारात उभे होते. हातात ट्रे, चहा भरलेला. ते किती वेळ तिथे होते कोणास ठाऊक.

"अहो, माझा रिपोर्ट कसा आला होता?"

"चहा घ्या आधी सगळ्यांनी," ते म्हणाले. "गार होतोय."

"चांगला आला नव्हता ना?"

त्यांनी ट्रे ठेवायला जागा शोधली. समोर टेबल होतं, तरी त्यांना ते दिसेना. शेवटी बाबूराव उठले आणि त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला.

"निकमसाहेब," बाबूराव म्हणाले, "बसा."

दिनकर बसले नाहीत. "नाही आला," ते म्हणाले. उभ्यानेच, माझ्याकडे न बघता.

मी मान हलवली. एखाद्या मुलाने अखेर बरोबर उत्तर दिलं की हलवावी तशी. काय विचित्र, पण पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. भीती नंतर आली, हळूहळू, पायांकडून वर.

"वृंदा, हा सगळा माझा कारभार," पोतदारबाई म्हणाल्या. "या दोघांना काही बोलू नकोस. दिनकर माझ्याकडे आले होते, पुस्तक तुझ्या हातात पडू देऊ नका म्हणून. कारण विचारल्याशिवाय मी कोणाचं ऐकत नाही, तुला माहीत आहे. त्यांनी कारण सांगितलं. मग मी म्हटलं, सगळ्यांनी एकच सांगायचं, घोटाळा नको. वाक्य मीच घालून दिलं."

"पाठ करून घेतलं आमच्याकडून," बाबूराव म्हणाले. "फोनवर. दोनदा म्हणून दाखवायला लावलं."

"तरी तुम्ही 'शांतपणे' विसरत होतात."

"म्हटला की नाही मी शांतपणे?"

"बाई, अहो, पाठ करून कधी कोणाला वाटतं का?" मी म्हणाले. "शाळेत हेच केलंत?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी दिनकरकडे वळले. "डॉक्टर काय म्हणाले?"

"पेशंटला सांगू नका म्हणाले. खचतात म्हणाले. घरच्यांनी सांभाळून घ्या."

"आणि मंगळवार?"

"पुण्याला इलाज सुरू करायचा. लगेच. उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नाही म्हणालेत. तू नाही म्हणत होतीस. मला कळेना काय करू. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. तुझा चेहरा बघितला की..."

"मंगळवारी मी कॉलेजला गेले असते, अहो. डबा घेऊन."

"माहितेय."

वनस्पतींच्या उतींचे काप घेऊन ते काचपट्टीवर बसवण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या स्वतःच्या देहातून काढलेल्या तुकड्याचा काप कुठल्या तरी काचपट्टीवर बसवलेला होता आणि तो दाखवा असं मी एकदाही म्हणाले नव्हते. रिपोर्टचा कागदही मागितला नव्हता. दिनकरनी चांगला म्हटलं, मी चांगला म्हटलं. हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं आणि त्यांच्यावर चढत असलेला राग निम्म्यावर थांबला.

"पुस्तक कुठे आहे?" मी विचारलं.

पोतदारबाईंचा हात पिशवीच्या गाठीवर गेला.

"बाई, तुमच्या पिशवीत आहे ना? तुम्ही इतर कोणाच्या हवाली करणार नाही."

पोतदारबाईंनी पिशवीची गाठ सोडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक बाहेर काढलं आणि मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले.

"आज नको, वृंदा. पुन्हा कधीतरी."

"भिशी माझ्या घरी आहे, बाई. पुस्तक माझं आहे. आणि अजून कोणी काही सांगितलेलं नाही." मी बाईंकडून रेश्माकडे पाहिलं. "आता खरं सांगा. काय वाटलं?"

मला ते का हवं होतं, हे आजही नीट सांगता येत नाही. कदाचित एवढंच असेल, की फोटोसमोर कोणी भांडत नाही. मला त्यांनी माझ्यासमोर भांडायला हवं होतं.

रेश्माच पहिल्यांदा बोलली. पदवीच्या परीक्षेत बोलायची तशी, भरभर.

"मला राग आला. ती मरते तेसुद्धा दाखवलेलं नाही, मॅडम. एका पानावर खुर्चीत आहे, पुढच्या पानावर नाही. आणि पुस्तक तिथे संपतपण नाही, चांगलं बोटभर उरतं. मग दुसरीच माणसं येऊन बसतात त्या खुर्चीत. एक मुलगा, एक जाडा माणूस, कोण कोण. त्यांना माहीतच नाही. आणि उलटलेली पानं परत त्यांच्यावर टाकून बघितलं तर ती दिसते. त्यांच्या अंगावर. आमची दादी वर्षभर अंथरुणाला खिळलीय. मी रोज बँकेतून येऊन तिची पाठ पुसते. हे असं कोणी कशाला काढायचं? लोकांना रडवायला?"

"मुद्दाम उलटी पानं टाकून बघितलीस कशाला?" बाबूराव म्हणाले.

"तुम्ही नाही बघितली?"

"मी उजेडाला धरलं. सगळं पुस्तकच, खिडकीशी. म्हटलं, एकदम काय दिसतं बघू." ते थांबले. "नुसता काळा डाग दिसतो. खुर्चीच्या जागी. माणूस म्हणून नाहीच."

"मग आवडलं की नाही?"

"आवडायचं काय त्यात! आमच्या हिला जाऊन तीन वर्षं झाली, वहिनी, तुम्हाला माहीत आहे. खिडकीजवळच्या हिच्या खुर्चीत आता नात बसते, पाय वर घेऊन मोबाइल बघत. पुस्तक खाली ठेवलं आणि वर बघतो तर ही. नातीच्या अंगातून. फुलांची साडी होती ना तिची, ती. मी पोरीच्या अंगावर ओरडलो, ऊठ म्हणून. पोर घाबरली, रडायला लागली. सून विचारते, काय झालं? काय सांगू? मी म्हटलं, ढेकूण आहेत."

रेश्मा हसली, रडतारडताच. मग मीही. बाबूरावांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पुन्हा चष्मा काढला होता आणि बिनचष्म्याचे त्यांचे डोळे अगदी लहान, उघडे दिसत होते.

"बाई?"

"मला ते पुस्तक मुळीच आवडलेलं नाही," पोतदारबाई म्हणाल्या. आवाज परत त्यांचा झाला होता. "मी एकटी राहते. पुढचं पुढचं दिसत राहिलेलं मला चालत नाही. मी एका लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेतला, पांढरा, आणि प्रत्येक पानामागे सरकवून एकेक पान स्वतंत्र वाचलं. व्यवस्थित. पण तसं केलं की ती नुसतीच बसलेली दिसते. म्हातारी होताना दिसतच नाही. आज बसलीय, उद्या बसलीय, परवा बसलीय." त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "ते जास्त वाईट होतं. अगदी माझ्या घरासारखं. मग मी पुठ्ठा टाकून दिला."

मी पुस्तक जवळ घेतलं. अपेक्षेपेक्षा हलकं होतं.

"आता मी," मी म्हणाले.

"थांब." दिनकर बोलले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिशीत नव्हते. पुस्तकं वाचणं हे त्यांच्या मते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर करायचं काम होतं. इतक्या वर्षांत आमच्या बैठकीत त्यांनी बिस्किटं पुरतील का याखेरीज काही विचारलं नव्हतं.

"मीही वाचलंय," ते म्हणाले. "थोडं."

ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"ऑपरेशनच्या दिवशी पार्सल आलं. मी ते पिशवीत टाकून तसाच हॉस्पिटलला आलो, वेळ जायला. तुला आत नेलं. मग डॉक्टरांनी मला बोलावलं आणि हातात बरणी दिली. गाठ होती तीत. पाण्यात. म्हणाले, नातेवाइकांनीच लॅबला पोचवायची असते, लगेच जा. दिसायला मला बरी वाटत नाही, असंही म्हणाले." त्यांनी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले. "रिक्षात मांडीवर धरून नेली. लॅबमध्ये नंबर होता, बाकावर बसायला सांगितलं. एका बाजूला बरणी. बघवेना तिच्याकडे. म्हणून पुस्तक उघडलं."

"मग?"

"मुलगी होती, मग कॉलेजातली, मग अशी. मोठी होत गेली. मी एका पानावर थांबलो. तिथे ती तुझ्याएवढी आहे. अशी जराशी कलती बसलीय, तू वह्या तपासताना बसतेस तशी. आणि तिच्यातून पुढचं दिसायला लागलं. मला ते नको होतं. म्हणून मी पानामागे हात घातला."

"हात?"

"पंजा. असा उघडा. म्हणजे ती एकटीच दिसेल. नंबर येईपर्यंत मी ते तसंच धरून बसलो होतो. पान उलटलं नाही. आजपर्यंत नाही उलटलं."

खोलीत कोणी कपाला हात लावला नव्हता. चहावर साय धरली होती.

"कोणतं पान?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवरून घेतलं. त्यांना शोधावं लागलं नाही. बोट घातलं आणि पुस्तक तिथेच उघडलं. मग माझ्याकडे देताना, बहुधा नकळत, त्यांनी उजवा पंजा पानाखाली सरकवला.

खुर्चीत बाई होती. केस मागे बांधलेले, मान किंचित कलती, एक हात मांडीवर. रेषा थोड्याच होत्या, कसबी हाताच्या. चेहऱ्यावर सांगण्यासारखं काही नव्हतं. ती वाट बघत होती की विश्रांती घेत होती, कळत नव्हतं. तिच्या अंगातून माझ्या नवऱ्याची बोटं दिसत होती. चित्रातल्या रेषांपेक्षा जाड, काळसर. अंगठा तिच्या खांद्यावर आला होता, तर्जनी गालावर. त्यांचा हात थरथरत होता आणि त्यामुळे तीही थरथरत होती.

"हात काढा," मी म्हणाले.

त्यांनी काढला नाही.

"काढा ना. बघू दे मला."

"वृंदा..."

"तुम्ही काढला नाहीत तर मी काढीन."

त्यांनी हात ओढून घेतला. अगदी सावकाश, कागद फाटेल की काय अशा काळजीने. पान खाली टेकलं, पुढच्या पानावर, त्याच्या पुढच्या पानावर, आणि खालून चेहरे वर आले.

रेश्माला दिसलं, बाबूरावांना दिसलं, बाईंनी पुठ्ठा सरकवून अडवलं ते मलाही दिसणार, याची मी तयारी केली होती. रिकामी खुर्ची दिसेल, असं मला वाटलं होतं. पण प्रकाश एवढा खोल जात नाही. प्रत्येक पान त्याचा काही भाग अडवतं, उरलेल्याचा काही भाग त्याच्या पुढचं पान. ती रिकामी खुर्ची तिथे होतीच, कुठेतरी तळाशी. मला मात्र दिसली ती फक्त तिच्या अलीकडची बाई. गालाची हाडं वर आलेली. त्याखाली, पुसट, तीच बाई, गाल बसलेले. त्याखाली केस विरळ झालेली. पाठ वाकलेली. हाताच्या शिरा फुगलेल्या. तोंडात दात नसलेली, ओठ आत गेलेली, एवढीशी झालेली, खुर्ची मोठी पडत असलेली. एकात एक, सगळ्या एकाच जागी बसलेल्या, आणि कोणाचीच घाई नाही.

या खोलीतल्या प्रत्येकाला ज्याची भीती वाटली होती ते हेच होतं. मी त्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. माझ्या छातीत काहीतरी दुखत होतं आणि ते टाके नव्हते. ते काय आहे, हे ओळखायला मला वेळ लागला, कारण तोवर कोणाच्या सुरकुत्यांबद्दल मला तसं कधी वाटलं नव्हतं. मला त्या म्हातारीचा हेवा वाटत होता.

मी ती पानं चिमटीत धरली. माझ्याएवढ्या बाईपासून पुढची, खुर्ची रिकामी होते तिथपर्यंतची. इतर सगळं पुस्तक दोन्ही बाजूंना पडू दिलं. चिमटीत आला तो गठ्ठा फार जाड नव्हता. पण होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. निवड माझी होती. शेवटी मी बोलायचं होतं.

"मला ही पानं हवीत," मी दिनकरना म्हणाले. "ही सगळी."